अभियांत्रिकीची डॉक्टरेट : अटी, अधिकार आणि कुटुंबाचे कर्तव्य





आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो विहारातील व्याख्यानास शोभतो काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. पंचशील, बावीस प्रतिज्ञा, धम्मदीक्षेनंतरचे आचरण हे विषय सोडून एक वकील अभियांत्रिकीच्या पीएच.डी.विषयी बोलावयास का उभा राहिला? त्याचे कारण साधे आहे. धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे माझ्याकडे कागदपत्रांसाठी येतात. त्यांचा मुलगा किंवा मुलगी बी.ई. झालेली असते. आईबाप अभिमानाने सांगतात, "आमचा मुलगा इंजिनियर झाला." मी विचारतो, "आता पुढे?" उत्तर ठरलेले असते : "आता पुढे काय राहिले?" पुढे काय राहिले आहे, ते सांगण्यासाठीच मी येथे आलो आहे.

आपल्या समाजात वकील झाले, शिक्षक झाले, कारकून झाले, आता इंजिनियरही झाले. परंतु इंजिनियर ज्याच्यापाशी शिकतो तो प्राध्यापक, यंत्राची कसोटी ठरविणारा शास्त्रज्ञ, सरकारला धरणाविषयी वा विजेविषयी सल्ला देणारा तज्ज्ञ या जागांवर आपली माणसे अजून थोडी आहेत. त्या जागांकडे जाणाऱ्या वाटेवर बहुधा पीएच.डी.ची पदवी मागितली जाते. बाबासाहेबांनी १९४२ साली गव्हर्नर जनरलला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात अशी मागणी होती. कला आणि कायदा यांच्या शिक्षणापेक्षा विज्ञान व तंत्रविद्येचे प्रगत शिक्षण आपल्या लोकांना अधिक उपयोगी पडेल, हे मत त्यांनी तेथे स्पष्टपणे मांडले होते. ते स्वतः बॅरिस्टर होते, आणि मी कायद्याचाच पदवीधर आहे. तेव्हा हे मत मी आपणांस सांगतो, यात माझा काही स्वार्थ आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रथम ही पदवी म्हणजे काय ते समजून घेऊ. पुष्कळांची समजूत अशी की, बी.ई.पेक्षा एम.टेक. मोठी, आणि एम.टेक.पेक्षा आणखी जाड पुस्तके वाचली म्हणजे पीएच.डी. ही समजूत चुकीची आहे. पहिल्या दोन पदव्या इतरांनी शोधलेले ज्ञान आपणांस आले, हे सिद्ध करतात. पीएच.डी. मात्र जगास आजवर ठाऊक नसलेली एक गोष्ट, ती लहान का असेना, आपण शोधली आणि पुराव्याने सिद्ध केली, याबद्दल मिळते.

एक उदाहरण घेतो. भुयारी गटारात उतरणारा कामगार बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे मी आपणांस सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविण्यास बंदी केली, तरी तेथे माणसे मरतच आहेत. त्या गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु वायूचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे कामगारास वाटते आणि तो जिवाला मुकतो. म्हणून हा वायू ओळखणारे सेन्सर वापरावे लागतात. आता असा सेन्सर बाजारातून आणून गटाराच्या तोंडाशी बसविणे हे चांगल्या इंजिनियरचे काम झाले. दोन-तीन सेन्सर तपासून त्यांतील बरा कोणता ते सांगणे हे एम.टेक.चे काम होऊ शकेल. परंतु सेन्सरच्या काही प्रकारांत दमट हवेमुळे आकडा चुकतो. तो किती चुकतो, का चुकतो, कोणत्या नियमाने चुकतो, आणि ती चूक दुरुस्त करण्याची अशी रीत कोणती की जी दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासून खरी ठरेल, हे ज्याने शोधले त्याने डॉक्टरेटचे काम केले. या एका उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. विषय आकाशातून पडत नाही, तो आपल्या जगण्यातूनही निघू शकतो. आणि नुसती कळकळ पुरेशी नाही, तेथे मोजमाप लागते.

हे शिक्षण आपणांस परकेही नाही. केवळ ऐकीव आहे, परंपरेचे आहे वा गुरू सांगतो एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, ही शिकवण तथागतांनी कालामांना दिली. संशोधकाला पहिल्या दिवशी हीच शिस्त शिकविली जाते.

आता अटींकडे वळू. भारतातील विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी.विषयक नियम लागू आहेत. आय.आय.टी.सारख्या संस्था स्वतःच्या सिनेटने केलेल्या नियमांनी चालतात. म्हणून मी सांगतो ती सर्वसाधारण चौकट समजावी, आणि अर्ज करताना त्या त्या संस्थेची माहितीपत्रिका ओळन् ओळ वाचावी.

पहिली अट पात्रतेची. आयोगाच्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर, म्हणजे बी.ई. वा बी.टेक.नंतर, एम.टेक. न करताही अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींच्या उमेदवारांस दोन्ही ठिकाणी ५ टक्क्यांची सवलत आहे. तेव्हा "एम.टेक. नाही म्हणून दार बंद" असे कोणी सांगितले तर ते तसेच मानू नये.

दुसरी अट प्रवेशाची. अभियांत्रिकीत गेट नावाच्या परीक्षेला मोठे महत्त्व आहे. ही परीक्षा बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि आय.आय.टी. संस्था मिळून घेतात, आणि तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी उत्तीर्णतेची गुणमर्यादा सर्वसाधारण मर्यादेच्या दोन-तृतीयांश असते आणि परीक्षेची फी अर्धी असते. काही विद्यापीठे स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात. तीत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे व निम्मे विषयाचे असतात, आणि निवडीत लेखी परीक्षेस ७० व मुलाखतीस ३० टक्के वजन असते. मुलाखतीत पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. "तुम्हाला कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो?" असे तेथे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुलांनी अर्ज भरण्यापूर्वी तयार ठेविले पाहिजे.

तिसरी गोष्ट मार्गदर्शकाची. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, म्हणून जागा मोजक्या असतात. मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती पाहावी, परंतु त्याच्या हाताखालील किती विद्यार्थी वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले, तेही पाहावे. आधीच्या विद्यार्थ्यांना भेटून विचारण्यात संकोच बाळगू नये.

चौथी अट अभ्यासक्रमाची. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पुरे करावे लागते. त्यात संशोधन व प्रकाशन यांतील नीतिमत्तेचा विषय सक्तीचा आहे. पुढे संशोधन सल्लागार समितीपुढे प्रत्येक सत्रात आपले काम मांडावे लागते. ही समिती म्हणजे केवळ परीक्षा घेणारे मंडळ नव्हे. मार्गदर्शकाशी मतभेद झाला, उपकरण मिळेना, विषय अडला, तर आपले म्हणणे लेखी मांडण्याची ती जागा आहे. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते आणि लेखी अर्जाला तारीख असते, हा वकिली अनुभव मी आपणांस फुकट देतो.

पाचवी अट कालावधीची. कमीत कमी तीन वर्षे, अधिकात अधिक सहा. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण काळ दहा वर्षांपेक्षा अधिक होता कामा नये. स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. आपल्या मुलीचे लग्न ठरविताना "शिक्षण आता बस" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि सासरच्या मंडळींनी हा नियम अवश्य ध्यानात घ्यावा. नियमाने दिलेली मुभा घराने काढून घेऊ नये.

सहावी अट प्रबंधाची. प्रबंध लिहून झाल्यावर त्यातील मजकूर इतरांच्या लिखाणाशी ताडून पाहिला जातो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि त्यापुढे गेल्यास नोंदणीच रद्द होते. अदिन्नादाना वेरमणी हे शील आपण दर रविवारी म्हणतो. दुसऱ्याचे वाक्य वा दुसऱ्याचा आकडा नाव न घेता उचलणे, हीदेखील न दिलेली वस्तू घेणेच होय.

सातवी अट परीक्षणाची. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज संस्थेबाहेरील किमान दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचे अभिप्राय अनुकूल आले की मौखिक परीक्षा होते. तेथे संशोधकाने उभे राहून आपल्या प्रत्येक आकड्याचे समर्थन करावयाचे असते. शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही जुनी सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत ठेवलेली नाही. तथापि पुष्कळ संस्थांतील विभाग तशी अपेक्षा धरतात, आणि ती योग्यच आहे, कारण आपले काम जगाच्या नजरेखालून गेलेले बरे.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठविला तर? अशा वेळी आमची मुले खचतात आणि घरची माणसे "आपल्या नशिबातच नाही" म्हणतात. नशिबाची भाषा आपण नागपूरला टाकून आलो आहोत. बाबासाहेबांची स्वतःची कहाणी पाहा. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि त्यांचे ग्रंथांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट युद्धात बुडविली गेली. पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ साली सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. आपले निष्कर्ष न सोडता त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली पदवी मिळविली. कोलंबिया विद्यापीठाने त्यांचा प्रबंध १९१७ सालीच स्वीकारला होता. परंतु छापील प्रती दिल्यावाचून पदवी न देण्याचा तेथील नियम होता. ग्रंथ १९२५ साली छापून निघाला आणि पीएच.डी. १९२७ साली मिळाली. दहा वर्षे त्यांनी वाट पाहिली, परंतु अट पुरी केली. त्यांचा विषय अर्थशास्त्राचा होता. तरी परत आलेला प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावयाचा असतो, हा धडा अभियांत्रिकीलाही लागू आहे.

आता मी माझ्या क्षेत्राकडे येतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांत प्रवेशाच्या प्रत्येक शाखेतील १५ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखीव ठेवण्याचा कायदा २००६ साली झाला. पवईची आय.आय.टी. आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था या केंद्रीय संस्था होत. परंतु या हक्कास प्रमाणपत्राचा आधार लागतो, आणि नवदीक्षित कुटुंबांचा घात बहुधा येथेच होतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मापुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपण धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या दृष्टीने आपला हक्क गेला. महाराष्ट्र राज्याने आपल्या कक्षेत सवलती दिल्या, परंतु केंद्रीय संस्थांचे दार उघडावयास १९९० साल उजाडले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा मान्य झाला. म्हणून आज कोणी म्हणाले की "दीक्षा घेतली, आता सवलत गेली", तर ते असत्य आहे असे ठामपणे सांगा.

एक प्रकरण सांगतो. एका गृहस्थांनी दीक्षा घेतल्यावर मोठ्या अभिमानाने मुलीच्या शाळेत धर्माच्या रकान्यात "बौद्ध" आणि जातीच्या रकान्यातही "बौद्ध" असेच लिहविले. मुलगी हुशार निघाली, एम.टेक. झाली. केंद्रीय संस्थेत पीएच.डी.चा अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र हवे होते, आणि त्यात १९५० च्या आदेशातील मूळ जातीचे नाव लागते. शाळेच्या दाखल्यात ते नव्हते. आजोबांच्या शाळेचा दाखला आणि गावची जुनी जन्ममृत्यूची नोंद शोधून प्रांत कार्यालयातून प्रमाणपत्र मिळेपर्यंत मुदत टळली. मुलीचे एक वर्ष गेले. पुढील वर्षी तिला प्रवेश मिळाला, पण गेलेले वर्ष कोणी परत दिले नाही.

ते गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, ज्या जातीचे जोखड मी दीक्षाभूमीवर फेकून आलो, तिचे नाव मी पुन्हा माझ्या हाताने का लिहावे?" हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे, आणि मी त्याला हसून उडविले नाही. मी त्यांना म्हणालो : नुकसानभरपाईचा दावा लावणाऱ्या माणसाला आपणांस कोठे व कशी इजा झाली, ते अर्जात लिहावेच लागते. ते लिहिल्याने तो जखमेची पूजा करीत नाही. त्याप्रमाणे प्रमाणपत्रातील जातीचे नाव म्हणजे आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद होय. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, तसेच जगावे, आणि जिथे कायदा विचारतो तिथे मूळ जातीची नोंद पुराव्यासह द्यावी. यात प्रतिज्ञेचा भंग नाही. भंग होईल तो घरात जात पाळल्याने.

यासाठी आपण काय करावयाचे? महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्यापूर्वीचा आजा-पणजाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जमिनीचा कागद, जे असेल ते शोधून ठेवा. नावांच्या आणि आडनावांच्या स्पेलिंगमधील फरक वेळीच दुरुस्त करून घ्या. राज्याच्या नमुन्यातील आणि केंद्राच्या नमुन्यातील अशी दोन्ही प्रमाणपत्रे काढा, आणि जात पडताळणी मूल बारावीत असतानाच करून घ्या.

पैशाचा प्रश्न उरतो. "पाच वर्षे शिकेल तर घर कसे चालेल?" हा प्रश्न आईबापांनी विचारावा यात काही गैर नाही. पूर्णवेळ संशोधकास पुष्कळ संस्थांतून दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने कनिष्ठ संशोधकासाठी हा दर ३७,००० रुपये व ज्येष्ठ संशोधकासाठी ४२,००० रुपये ठरविला. पुण्याची बार्टी ही संस्था महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या संशोधकांना बाबासाहेबांच्या नावाने अधिछात्रवृत्ती देते, आणि परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या रकमा कधी कधी उशिरा हाती पडतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घराने करावी, आणि तेवढ्या काळात मुलाकडे पैशाचा तगादा लावू नये. नोकरी करणाऱ्यास मालकाचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते.

मात्र एका गोष्टीपासून दूर राहा. घरबसल्या, दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पीएच.डी. देण्यास आयोगाच्या नियमांत परवानगी नाही. पैसे घेऊन सभेत शाल-श्रीफळासह "मानद डॉक्टरेट" वाटणारी दुकाने निघाली आहेत. ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने एका पदवीसाठी दहा वर्षे वाट पाहिली, त्या समाजाने विकत घेतलेली पदवी नावापुढे लावणे हा त्याचा अपमान आहे.

शेवटी माझे मागणे लहान आहे. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा आणि आजोबांचा दाखला आहे काय ते पाहा. नसेल तर येत्या महिन्यात गावी जाऊन त्याची नक्कल काढा. प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी, आणि वस्तीतील अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, त्याचे वर्ष, त्याच्या प्रमाणपत्राची स्थिती व गेटच्या अर्जाची तारीख तीत लिहावी. आमच्यासारख्या वकिलांनी महिन्यातून एक रविवार तेथे बसून कागद तपासावेत. मी माझा रविवार देण्यास तयार आहे. मुलांनी आपला प्रश्न शोधावा, आईबापांनी त्यांना वेळ द्यावा, आणि समाजाने त्यांचे कागद सांभाळावेत. एवढे झाले तर "पुढे काय राहिले?" या प्रश्नाला आपल्या घरातूनच उत्तर मिळेल.

नमो बुद्धाय. जयभीम.